कंट्रोल नंबर दोन

४ मार्च, सोमवार

लेकीने वही पाठवली. वाढदिवस होऊन आठवडा झाला, पार्सल आज पोचलं. आत चिठ्ठी: "आई, आमच्यावर ओरडतेस ते यात लिहीत जा. वहीचे कान किटणार नाहीत." बावन्नाव्या वर्षी आईला द्यायची ही भेट! असो. कागद चांगला आहे, वाया कशाला घालवा.

तर ओरडते. आज लॅबमध्ये नवी बाई रुजू झाली. वय एक्केचाळीस. बारा वर्षं घरी बसली, आता मुलं मोठी झाल्यावर विज्ञानाची आठवण झाली. पिपेट अशी धरते, जशी झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढतेय. जो ट्रे मी वीस मिनिटांत भरते, त्याला हिला पाऊण तास. मी मनातल्या मनात तिचं बारसं उरकलं: गोगलगाय. त्यात बोलणं पुटपुटत. तीनदा "काय?" म्हटल्यावर एक वाक्य पदरात पडतं.

साहेब म्हणाले, "सांभाळून घ्या मॅडम, हुशार आहे." साहेबांना सगळेच हुशार वाटतात. स्वतःवरून मोजत असतील.

७ मार्च

गोगलगायीला काम समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. ज्या जनुकाच्या बिघाडाने कानाच्या नसेवर गाठी येतात, त्यातला बिघाड दोन तऱ्हांचा. कधी एखादं अक्षर चुकलेलं असतं, ते वाचून सापडतं. कधी अख्खा तुकडाच गायब असतो किंवा जादाचा असतो. तो वाचून सापडत नाही, कारण दुसरी प्रत धडधाकट असते आणि वाचणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. तो मोजावा लागतो. मोजणं हे आमचं काम. पेशंटच्या रक्तातला एकेक तुकडा निरोगी माणसाच्या रक्ताशी ताडायचा. बरोबरी झाली तर आकडा येतो एक. अर्धा आला तर एक प्रत गेली. दीड आला तर एक जादा.

त्या निरोगी माणसाच्या रक्ताला आम्ही कंट्रोल म्हणतो. जुने कंट्रोल संपले होते, म्हणून मी नवे केले. नंबर एक, सॅम्पल आणणाऱ्या ड्रायव्हरचं. गडी बैलासारखा ठणठणीत. नंबर दोन, माझं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एक दिवस आजारपणाची रजा नाही, यापेक्षा निरोगी माणूस साहेब कुठून आणणार? कुणाचा नंबर कुठला, ते माझ्या कुलपातल्या रजिस्टरमध्ये.

गोगलगाय पुटपुटली, "मॅडम, किटच्या पत्रकात निदान तीन कंट्रोल घ्या म्हटलंय."

म्हटलं, "पत्रकं लिहिणाऱ्यांनी आयुष्यात कधी ट्रे भरलेला नसतो."

१० मार्च, रविवार

नवऱ्याचं नवीन खूळ. फिरायला गेलो की सारखा माझ्या डाव्या हाताला येतो. उजवीकडे ढकलला की दहा पावलांत घुटमळत पुन्हा डावीकडे. विचारलं तर म्हणे, "गाड्यांपासून तुला वाचवतो." परतताना गाड्या दुसऱ्या बाजूला होत्या, तरी स्वारी डावीकडेच. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कशापासून वाचवलंय, आणि आता गाड्या!

बागेच्या पायऱ्यांवर पाय चुकला. त्याने कोपर धरलं. पायऱ्या बांधणाऱ्याने डोळे मिटून बांधल्यात.

१४ मार्च

लिफ्ट दुरुस्त करणारा एक मुलगा, वय सव्वीस. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. एक कान गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर. दुसऱ्या लॅबने अक्षरं वाचून 'दोष नाही' लिहून दिलं. वाचणाऱ्यांची जात! मोजायला आमच्याकडे पाठवला. सोबत बहीण, पोहायला शिकवते. अकरा आठवड्यांची गरोदर. तिला जाणून घ्यायचंय, भावाचं तिच्यात आहे का आणि पोटातल्याला जाईल का.

मुलाच्या रक्तात सलग तीन तुकडे वर आलेत. एक पूर्णांक तेहतीस. जादा. मशीनने पिवळी खूण दाखवली: 'दोन कंट्रोलमध्ये तफावत'. मशीनला तफावत दिसते, मला उत्तर दिसतं. खूण बाजूला केली, 'तीन तुकडे जादा' लिहिलं, साहेबांकडे पाठवलं. त्यांनी न वाचता सही ठोकली. त्यांची सही म्हणजे आंधळ्याने दिलेली साक्ष.

२१ मार्च

बहिणीच्यातही तेच तीन तुकडे, तोच आकडा. रिपोर्ट साहेबांनी दिला, समजावायला मला बसवलं. साहेबांना पेशंटसमोर वाईट बातमी द्यायची वेळ आली की नेमका फोन येतो.

तिने विचारलं, "मॅडम, जास्त असणं वाईट की कमी असणं?"

म्हटलं, "दोन्ही वाईट. दोनाला दोनच हवेत."

"आणि बाळाला?"

"शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी."

ती नुसती बघत राहिली. भाऊ माझ्या ओठांकडे बघत होता. सगळी माणसं टक लावून बघायला येतात, जणू मीच दिलाय आजार.

ती गेल्यावर गोगलगाय टेबलाशी आली. "मॅडम, तेहतीस का? जादा असेल तर पन्नासच्या आसपास हवं ना?"

म्हटलं, "जनुकाने पत्रक वाचलेलं नसतं." सगळे हसले. ती हसली नाही. विनोदाचंही तिला पाऊण तासाने कळत असेल.

२६ मार्च

आज डोक्यात आग आहे.

एक निवृत्त कारकून आला होता, साठीचा. भिंतीला हात लावत, पाय फाकून चालत. मी जवळ जाऊन हळूच वास घेतला. दारूचा नव्हता. बाबा असेच घरी यायचे, म्हणून सवय. तर या कारकुनाचं ना लिफ्टवाल्याशी नातं, ना गाव एक. आणि आकडे? तेच तीन तुकडे, तेच एक पूर्णांक तेहतीस.

तीन माणसांत एकच चूक म्हणजे चूक ट्रेमध्ये आहे, आणि ट्रे कोण भरतं? सगळ्यांसमोर गोगलगायीला उभं केलं. "बारा वर्षं पोळ्या लाटल्यात, तेच करायचं होतं. इथे थेंब मोजतात." ती लालबुंद झाली. पण काय पुटपुटली ते ऐकण्यासारखं होतं: "मॅडम, माझा हात चुकला असता तर सगळेच तुकडे वर गेले असते. हे तीनच का जातील?"

तिची रवानगी स्टोअरमध्ये, बाटल्यांना लेबलं लावायला.

२८ मार्च

लिफ्टवाल्याच्या बहिणीचा फोन आला लॅबवर. फोन इतका खराब की उजव्या कानाला लावला तर नुसती खरखर. डाव्या कानाला लावल्यावर जरा बरं. ती म्हणाली, "आमचं ठरलंय. सोमवारी सकाळी नऊला दवाखान्यात जायचंय. तुम्ही एकदा सांगा, रिपोर्ट पक्का आहे ना?"

"आमच्या लॅबचा आहे," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. रडून कुणाचे आकडे बदललेत?

खरं सांगायचं तर कारकुनाच्या आकड्यांनंतर मी 'पक्का' हा शब्द उच्चारला नाही. उच्चारला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

३० मार्च, शनिवार

दुपारी गोगलगाय स्टोअरमधून आली. हातात एक कागद. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली, न विचारता. आणि पहिल्यांदाच मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली.

"तिन्ही पेशंट मी एकमेकांशी ताडले. काही फरक नाही. तिघेही सारखे. मग दोन कंट्रोल एकमेकांशी ताडले." कागद पुढे सरकवला. "नंबर दोनमध्ये ते तीन तुकडे अर्धे आहेत. एका कंट्रोलमध्ये दोन, दुसऱ्यात एक, सरासरी दीड. पेशंटचे दोन भागिले दीड केले की एक पूर्णांक तेहतीस. पेशंटमध्ये काहीच जादा नाही, मॅडम. आपलं मापच तोकडं आहे."

मी कागद पाहिला. तीन वेळा पाहिला. खोट काढायचा प्रयत्न केला. सत्तावीस वर्षांत दुसऱ्याच्या कागदात मला खोट सापडली नाही, असं झालेलं नाही.

"नंबर दोन कुणाचं रक्त आहे, ते रजिस्टर तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "त्या माणसाला सांगावं लागेल. त्याला कदाचित माहीतही नसेल."

"मी बघते," म्हटलं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, मी मघापासून तुमच्या डाव्या बाजूला बसले होते. उजवीकडून बोललेलं तुम्हाला पोचत नाही. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

म्हणजे तिला रजिस्टरची गरजच नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साहेबांना घरी फोन केला. सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. साहेब म्हणतात, "गेलेले रिपोर्ट गेले. सोमवारी शांतपणे बघू. आणि नव्या बाईंच्या हातून झालं असं नोंदवलं की विषय मिटतो. त्या अजून कच्च्याच आहेत."

चार दिवसांपूर्वी मीच हे सगळ्यांसमोर म्हटलं होतं. साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा शिसारी आली.

"सोमवारी नऊला त्या मुलीची वेळ आहे, साहेब."

"मग त्यांच्या डॉक्टरांना मेल टाका."

रविवारी मेल! मी "ठीक" म्हणून फोन ठेवला. बहिणीला चार फोन केले, उचलत नाही. का उचलेल? मागच्या वेळी मी तिच्या तोंडावर ठेवला होता. फॉर्मवर कामाचा पत्ता आहे, तरणतलावाचा. रविवारी सकाळी वर्ग असतात.

३१ मार्च, रविवार

नवऱ्याला न सांगता गेले. तलाव बंद छताखाली. मुलांचा कालवा, शिट्ट्या, पाण्याची थपथप, सगळ्याचा मिळून एकच घोंगाट. काठाच्या ओल्या फरशीवर मला पाऊल टाकवेना. रेलिंग धरून धरून गेले, त्या कारकुनासारखी. ती पाण्यात उभी होती, एका लहान मुलीच्या पाठीखाली हात धरून. मला पाहिलं आणि चेहरा दगड झाला.

बाहेर आली. टॉवेल गुंडाळून समोर उभी राहिली. काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळेना.

मी बोलायला सुरुवात केली. "तुमचा रिपोर्ट चुकीचा आहे. तुमच्यात काही जादा नाही. भावाच्याही रक्तात नाही. उद्या जाऊ नका. चूक आमची. माझी. ज्या रक्ताशी तुमचं ताडलं तेच सदोष होतं. नव्याने तपासणी होईल, तोवर काही ठरवू नका."

किती मोठ्याने बोलले कोण जाणे, पाण्यातली मुलं वळून बघत होती. ती खाली बसली, तिथेच, ओल्या फरशीवर. मग बोलत राहिली, मान खाली घालून. मी वाकले, वळले, तरी कळेना.

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरून मला अर्धं फिरवलं. लिफ्टवाला. बहिणीला न्यायला आला होता. मला त्याने असं उभं केलं की डावा कान बहिणीकडे आणि तिचा चेहरा समोर. मग ती काय म्हणत होती ते कळलं. "अकरा दिवस मी रोज त्याची माफी मागतेय," असं ती पोटावर हात ठेवून म्हणत होती. "अकरा दिवस. आणि त्या दिवशी तुम्ही मला नाण्याचं उदाहरण दिलंत."

मी पुन्हा रेलिंग धरलं.

निघताना तो दारापर्यंत आला. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तसा खणखणीत बोलतो. "उजवा ना? कधीपासून?"

मी मान हलवली, नाही अशी.

"मीही दोन वर्षं सगळ्यांना म्हणायचो, नीट बोला रे," तो म्हणाला. "अंधारात तोल जातो का?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. रिक्षात बसल्यावर दिलं. रिक्षावाल्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतेय.

३ एप्रिल

तीन नव्या कंट्रोलवर सगळं पुन्हा चालवलं. ट्रे गोगलगायीने भरला, पाऊण तास घेऊन. मी शेजारी बसून राहिले, तोंड बंद. बहीण: एक, एक, एक. लिफ्टवाला: तेच. त्याचा बिघाड रक्तात नाही, गाठीत शोधावा लागेल. घरात आणखी कुणाला काही नाही, बहिणीचं स्कॅनही स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, तिने निर्धास्त राहावं. कारकुनाचं दुखणं वेगळंच निघालं, त्याला दुसरीकडे पाठवलं.

साहेबांनी चूक नोंदवायचा कागद पुढे केला, त्यात गोगलगायीचं नाव आधीच टाइप केलेलं. मी खोडलं, माझं लिहिलं. तीनऐवजी दोन कंट्रोल, मशीनची खूण डावलली, स्वतःचं रक्त न तपासता वापरलं. साहेब म्हणाले, "मॅडम, इतकं सविस्तर कशाला?" म्हटलं, "आणि रिपोर्ट न वाचता सही केली. हा मुद्दा तुमचा. त्याच्यासमोर तुमचं नाव लिहा." साहेबांना तेव्हा फोन आला.

५ एप्रिल

आता मी पेशंट. आमचा नियम असा की रक्त काढण्याआधी घराण्याची आकृती काढायची. हा नियम मीच केलाय. पुरुष चौकोन, बाई गोल, मेलेल्यावर तिरपी रेघ, आजारी असेल तर आतून काळा. समोर गोगलगाय पेन घेऊन.

"वडील?"

"गेले. मी एकोणीस वर्षांची असताना. जिन्यावरून पडून."

"पडले कसे?"

"दारू." नोकरीच्या फॉर्ममध्येही मी हेच लिहिलंय. सत्तावीस वर्षांपूर्वी.

ती लिहीत नव्हती. "ऐकू यायचं त्यांना?"

बाबा शिंपी होते. पंचेचाळिशीनंतर गिऱ्हाइकांचं काही ऐकेनासे झाले, मापं चुकायला लागली. संध्याकाळी दुकान बंद करून येताना भिंतीला धरून यायचे. दिवसा नाही, अंधार पडल्यावरच. गल्ली म्हणायची, शिंपी झिंगून आला. आई म्हणायची, "थेंबाला शिवत नाहीत गं." आईचं मी ऐकलं नाही, गल्लीचं ऐकलं. सोळाव्या वर्षी एकदा रस्त्यात ते समोरून येताना दिसले, मला हाक मारली. बरोबर मैत्रिणी होत्या. त्या म्हणाल्या, "कोण गं?" मी म्हटलं, "कोण जाणे, असेल कुणी बेवडा." बाबांना ऐकू आलं नसणार, असं मी तेव्हा समजले होते. पण ते ओठांकडे बघायचे. शेवटची काही वर्षं सगळ्यांच्या ओठांकडेच बघायचे.

हे सगळं मी गोगलगायीला सांगितलं की मनात म्हटलं, आठवत नाही. तिने पेन माझ्याकडे दिलं. चौकोन मीच काळा केला. रेघ बाहेर गेली. तिची अशी रेघ मी फाडून परत करायला लावली असती.

१२ एप्रिल

माझ्यात त्या तीन तुकड्यांची एकेकच प्रत. स्कॅन: उजवीकडे बोराएवढी गाठ, डावीकडे मुगाएवढी. डॉक्टर म्हणतात, तुमचा प्रकार सौम्य, सावकाश वाढतो, म्हणून बावन्नपर्यंत निभावलं. उजवा कान परत येणार नाही. डाव्यावर लक्ष ठेवू.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"दिवाणखान्यात तुला हाका मारून मारून थकलो तेव्हा. दीड वर्ष झालं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो," तो म्हणाला. "दोनदा. तू म्हणालीस, नीट बोलायला शिक."

१४ एप्रिल, रविवार

लेकीला फोन केला. तीन वेळा क्रमांक दाबून तीन वेळा कापला, मग केला. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगतेय, निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. तिला ते वाक्य सांगता येईना. गाठीचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, लॅबमधलं सगळं सांगितलं. तुझ्यातही असू शकतं, आणि असेल तर माझ्याकडून आलंय, एवढं शेवटी कसंबसं म्हटलं.

मला वाटलं फोन कटला, की माझाच कान.

"आहेस का?" मी विचारलं.

"आहे." नाक ओढल्याचा आवाज. "शनिवारी येते. आधी तुला भेटते, मग तपासणी करते. पण तुझ्या लॅबमध्ये नाही हं, आई."

"नकोच," म्हटलं. "तुझ्या जागी मीही तिथे केली नसती."

ती हसली की रडली, नक्की कळलं नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने सावकाश, मोठ्याने सांगितलं.